मदत हवी आहे : लेस्टरशायरने पहिल्या विभागासाठी कोणते परदेशी खेळाडू घ्यावेत?

नमस्कार. 2025 मध्ये लेस्टरशायरने इंग्लंडमधील क्रिकेटच्या कौंटी अजिंक्यपद स्पर्धेचा दुसरा विभाग जिंकला आणि 2003 नंतर प्रथमच पहिल्या विभागात स्थान मिळवले. लेस्टरमध्ये राहणारा या संघाचा जुना समर्थक म्हणून मी हिवाळ्यातील खेळाडू-भरतीविषयी एक टिपण तयार करीत आहे, त्यासाठी जाणकारांचे मत हवे आहे.

माझी मुख्य अडचण एप्रिल-मे महिन्यांची आहे. चार दिवसांच्या सामन्यात दोनच परदेशी खेळाडू खेळवता येतात आणि हंगामाच्या सुरुवातीचे महत्त्वाचे सामने नेमके आयपीएलच्या काळात येतात. अजिंक्य रहाणे 2024 मध्ये लेस्टरशायरकडे आला, ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने शतकही केले. परंतु तो हंगामाच्या उत्तरार्धातच उपलब्ध होता. म्हणून ज्यांना आयपीएलचा करार नाही, पण रणजी करंडकात जे सातत्याने बळी घेतात, अशा वेगवान गोलंदाजांचा विचार करावा असे मला वाटते. थंड, ओलसर हवेत टप्पा पुढे ठेवून चेंडू हलवणारा गोलंदाज संघाला फलंदाजापेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

मुंबई, विदर्भ, महाराष्ट्र किंवा बडोद्याचे रणजी सामने नियमित पाहणाऱ्यांनी कृपया सांगावे : सलग चार सामने भरपूर षटके टाकण्याची क्षमता कोणात आहे? तसेच बीसीसीआयचे ना हरकत प्रमाणपत्र आणि व्हिसा यांसाठी किती महिने आधी हालचाल करावी लागते, हे प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी जरूर कळवावे.