आय२० एन लाइन मॅन्युअल, २०२३ ची : सोलापुरात घेण्यासारखी आहे का?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. ह्युंदाईची फेसलिफ्टनंतरची (बदललेल्या रूपातली) आय२० एन लाइन, म्हणजे आय२० ची स्पोर्टी आवृत्ती, बघितली आहे. एन८ व्हेरियंट, सहा गिअरची मॅन्युअल, नोव्हेंबर २०२३ पासिंग, पहिला मालक, २८ हजार किमी. गाडी एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) पासिंगची, मागणी ९.२५ लाख. दुसरी तशीच एक विजयपूरला आहे, केए-२८, ती पन्नास हजारांनी स्वस्त सांगतायत.

वापर : रोज सात रस्ता ते जुळे सोलापूर, म्हणजे एका वेळी चार-पाच किमी. महिन्यातून दोनदा पुणे, अधूनमधून हैदराबाद. मागच्या सीटवर आई-वडील असतात. ऑटोमॅटिक नको आहे.

डोक्यात असलेले बाकीचे पर्याय : नवी स्विफ्ट, वापरलेली अल्ट्रोझ रेसर, शेवटच्या काळातली पोलो १.० टीएसआय. आपल्याकडचं ऊन, रस्ते आणि सर्व्हिस धरून ही गाडी एवढ्या पैशाची आहे का? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

---

टर्बोवाला_मोहोळ

मॅन्युअल घेताय तर घ्या. ही ऑटोमॅटिक असती तर सात रस्त्याचं नाव वाचूनच नको म्हटलं असतं. तिचा सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. गर्दीत इंच-इंच सरकत राहिलं की क्लच अर्धवट धरून घासत राहतो, तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. मग बाजूला थांबून तो निवेपर्यंत वाट बघत बसायचं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गर्दीतून ती काढणं म्हणजे शिक्षाच.

इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १२० पीएस, १७२ एनएम. हा टॉर्क १५०० ते ४००० आरपीएममध्ये मिळतो. कागदावर १५००, रस्त्यावर मात्र साधारण १८०० च्या पुढे खरी ओढ जाणवते. म्हणजे शहरात तिसऱ्यात २५ च्या वेगाने रेंगाळत असाल आणि एकदम दाबली तर क्षणभर काही होत नाही. दुसरा टाकायचा. स्विफ्टवरून येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हेच खटकतं.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. पाचव्या-सहाव्यात १५०० च्या खाली असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बोत अशा वेळी सिलिंडरमधले तेलाचे-इंधनाचे थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतात. तो झटका पिस्टनला आणि रिंगांना बसतो. गिअर उतरवला की प्रश्न मिटला. तेलसुद्धा मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि दर्जाचंच, कारण हा प्रकार तेलातल्या रसायनांवरही अवलंबून असतो. ओळखीच्या गॅरेजमध्ये 'आपल्याकडे चालतंय की ओ' म्हणत दुसऱ्याच ग्रेडचं ओततील, ते ऐकू नका.

तुमच्या पाच किमीच्या फेऱ्यांचा मुद्दा खरा महत्त्वाचा. इंजिन पूर्ण तापायच्या आधीच बंद होतं, थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते पेट्रोल आहे. महिन्यातल्या दोन पुणे फेऱ्यांत ते बरंचसं उडून जाईल. तरीही १० हजारांची वाट न बघता ७ हजारांच्या आसपास तेल आणि फिल्टर बदला. दुसरी गोष्ट इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीची. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून जायचं आणि तो धुतला जायचा. इथे ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे काजळी साचत जाते. २८ हजारांना त्रास नसतो. पुढे आयडलिंग खडबडीत झालं आणि सकाळी मिसिंग आली तर तिथे बघायचं. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी इंजेक्टर साफ होईल, व्हॉल्व्ह नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही.

ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) भीती या गाडीला धरू नका. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर, नळ्या ई२० ला चालणारे आहेत. ॲव्हरेज थोडं पडतं, तेवढंच. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत, आता तक्रार कुणाकडे करणार!

ॲव्हरेज शहरात ११ ते १३. हायवेला उगीच मागे लागला नाहीत तर १७ च्या आसपास.

---

पासिंग_पंडित

केए-२८ वाली सोडून द्या. पन्नास हजारांचा फरक दिसतो, पण त्यात पुढचं सगळं बसवावं लागतं. विजयपूर आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला), इथे महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा (गाडीच्या वयानुसार घटवून), नवा एमएच-१३ नंबर, आणि कर्नाटकात आधी भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. तो परतावा कधी मिळेल यावर हिशोब बांधू नका. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर नवीन नोंदणी बंधनकारक आहे. सीमेवर राहतो म्हणून आपल्याकडे बरेच जण तशाच फिरवतात. विकताना मग गाठ पडते.

एमएच-१४ ची सोपी आहे. राज्य तेच, टॅक्स पुन्हा नाही, नंबरही तोच राहतो. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, तिथल्या आरटीओची एनओसी, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. कर्ज फिटलं आणि बोजा उतरला या दोन वेगळ्या गोष्टी. 'वाहन' या सरकारी पोर्टलच्या नोंदीत फायनान्सरचं नाव अजून दिसतंय का ते स्वतः बघा. प्रलंबित ई-चलन बघा. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणजे पुढच्या प्रीमियमचा अंदाज त्यांच्या पावतीवरून लावू नका.

आता किंमत. इथे तुम्हाला घासाघीस करायला मोठी जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर कर २९ टक्क्यांवरून (२८ जीएसटी, १ सेस) १८ वर आला. ही गाडी ३९९५ मिमी आणि ९९८ सीसी, म्हणजे त्यात बसते. एक्स-शोरूम किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी खाली आली. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० लाखांच्या वरच्या गाडीला १२ टक्के रोड टॅक्स. समजा जुन्या कराने गाडी १०.९० लाखांची होती. नव्या कराने ती ९.९७ होते. टॅक्स आधी १ लाख ३० हजारांवर होता, आता १ लाख १० हजारांच्या आत. म्हणजे अशा गाडीत रस्त्यावर येईपर्यंत एक लाख दहा हजारांच्या पुढे फरक पडला.

विकणारा २०२३ ची पावती दाखवून 'एवढ्याला पडली' म्हणतो. त्याला किती पडली हा त्याचा प्रश्न. तुम्ही आजचं नव्या गाडीचं कोटेशन शोरूममधून लेखी घ्या आणि तिथून खाली मोजा. दोन वर्षांच्या वर जुनी गाडी नव्याच्या ऑन-रोडपेक्षा किमान २५ टक्के खाली नसेल तर नवीच घ्यावी, वॉरंटी तरी पूर्ण मिळते.

---

स्पॅनर_अक्कलकोट

तपासायचं कसं, ते सांगतो. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन गार हवं. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत या, तापलेल्या इंजिनवर अर्ध्या गोष्टी लपतात.

गार इंजिन चालू करा. हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरची टकटक या इंजिनात नेहमीची आहे, घाबरू नका. नळीतून निळसर धूर, किंवा पाच मिनिटं आयडल ठेवून मग रेस केल्यावर निळा भपका आला तर टर्बोच्या सीलमधून तेल जातंय असं समजायचं. इंटरकूलरचा पाइप बाहेरून चाचपून बघा. किंचित ओलसरपणा चालतो, तेल टपकत असेल तर नाही.

क्लचची परीक्षा अशी : मोकळा रस्ता, ४० चा वेग, चौथा गिअर, पूर्ण दाबा. साधारण २००० ओलांडताना टॉर्क एकदम येतो. काटा सुटून वर पळाला आणि वेग तेवढा वाढला नाही तर क्लच घसरतोय. २८ हजारांना क्लच गेलेला असेल तर गाडी एकतर रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) आहे नाहीतर कुणीतरी पाय ठेवूनच चालवली आहे. दोन्हीत गाडी सोडा.

रिमॅपची शंका या जातीच्या गाडीत घ्यायचीच. परत मूळ फाइल टाकून विकतात, त्यामुळे चालवून कळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पैसे भरून तपासणी करा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि जुने कोड बघायला सांगा. स्कॅनरमध्ये सगळे कोड शून्य आणि रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्यांची स्थिती) 'अपूर्ण' दिसत असतील तर कालच कुणीतरी मेमरी पुसली आहे. बदललेला एअर फिल्टर बॉक्स, एक्झॉस्टवर ताज्या वेल्डिंगची खूण, बॅटरीजवळ लोंबणारी जादा वायर, ही सगळी बोलकी चिन्हं.

टायरवरचा चार आकडी कोड वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. चारही टायर एकाच काळातले असावेत. आतल्या बाजूने हात फिरवून फुगवटा शोधा, अलॉयच्या आतल्या कडेला वाकलेलं बघा. ही गाडी १९५/५५ आर१६ वर चालते, टायरची भिंत १०७ मिमीच. स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ ला १२० मिमी मिळते. खड्ड्यात हाच १३ मिमीचा फरक अलॉयला लागतो. पुढच्या बंपरखालची कडाही बघा, गतिरोधकांवर घासून फाटलेली असते. फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, दोन बाजूंच्या फटी कमीजास्त, की गाडी ठोकलेली आहे असं समजायचं.

---

मागच्या_सीटचा_प्रवासी

सगळे इंजिनावर बोलले, आई-वडिलांवर कुणीच नाही. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक आहे. पुणे हायवेला ८०-९० ला ती उलट बरी वाटते, बसते रस्त्यावर. पण गल्लीतले गतिरोधक आणि डांबराचे ठिगळ मागच्या माणसाच्या कमरेला कळतात. टेस्ट ड्राइव्हला वडिलांना मागे बसवा आणि जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर न्या, हायवेवर नको. निर्णय त्यांना करू दे.

दुसरं, २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षितता तपासणारी संस्था) आय२० ला ३ तारे दिले आणि सांगाडा अस्थिर ठरवला. ती गाडी दोन एअरबॅगची होती. फेसलिफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) सगळ्यांत आले, पण सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. अल्ट्रोझला २०२० मध्ये ५ तारे होते. उसाच्या हंगामात रात्री मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात बिनदिव्याची ट्रॉली समोर येते तेव्हा हे तारे आठवतात. उलट बाजूही सांगतो : एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, रेसरला मागे ड्रम.

रेसर जून २०२४ ची, १.२ टर्बो, १२० पीएस, १७० एनएम, फक्त मॅन्युअल. ओढ जवळपास तेवढीच. मला विचाराल तर तुमच्या घरासाठी तीच, मात्र गिअर एन लाइनइतके हलके पडत नाहीत. पोलो २०२२ ला बंद झाली. १.० टीएसआय इंजिन चांगलं आणि आजही त्याच घराण्याचं इंजिन टायगुन-व्हर्टसमध्ये आहे, म्हणून इंजिनाचे पार्ट मिळतील. काच, दिवे, बंपर असं अंगावरचं काही फुटलं की वाट बघावी लागते. आणि स्वस्तात मिळते म्हणून जुनी १.२ डीएसजी (ऑटोमॅटिक) उचलू नका, मेकाट्रॉनिकचा (त्या गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा) खर्च मोठा येतो. स्विफ्ट ८२ पीएसची. शहराला भरपूर, घाटात चार माणसं आणि एसी असताना गिअर उतरवावा लागतो, बाकी काही नाही.

---

होटगीरोडकर

सर्वांचे आभार. केए-२८ रद्द. एमएच-१४ वालीसाठी वडिलांना घेऊनच जाईन, आणि रेसरही त्याच दिवशी चालवून बघतो. एकच शंका : राइड मऊ करायला एन लाइनला १५ इंची चाकं टाकली तर चालेल का?

---

स्पॅनर_अक्कलकोट

माप जुळतं. १९५/५५ आर१६ चा एकूण व्यास ६२१ मिमी, १८५/६५ आर१५ चा ६२१.५. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण रिम विकत घेण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे प्रत्यक्ष लावून हाताने फिरवा, ब्रेकचा कॅलिपर रिमला घासत नाही ना आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मूळ चाकाएवढाच आहे ना ते बघा. पकड थोडी कमी होईल, वळणावर स्टिअरिंग सुस्त वाटेल. म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेताय त्यातलं काही जाणार. विमा कंपनीला बदल कळवा. नाहीतर आहे त्या चाकांवरच दाराच्या खांबावरच्या स्टिकरएवढी हवा ठेवून आधी महिनाभर चालवून बघा. बऱ्याच ठिकाणी न विचारता ३६-३८ पीएसआय भरतात, निम्मा कडकपणा तिथलाच असतो. हवा सकाळी गार टायरवरच तपासायची. मे महिन्यात दुपारी पुण्याहून आल्या-आल्या मोजली तर चार-पाच पीएसआय वाढलेलीच दिसणार, ती काढायची नाही.