वसाहतीतील चौक सुरक्षित कसा करावा?

प्रश्न: कोथरूडमधील आमच्या वसाहतीच्या चौकात कोपऱ्यापर्यंत मोटारी उभ्या असल्यामुळे आडव्या रस्त्याने येणारी दुचाकी अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. गतिरोधकाची मागणी करावी काय?

उत्तर १: करावी, परंतु डांबराचा कसाबसा उंचवटा टाकून घेऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गतिरोधक वाहनांच्या जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच ठरवलेला होता. अरुंद उंचवटा फक्त मणके खिळखिळे करतो.

उत्तर २: माझ्या मते आधी कोपरा मोकळा करावा. नुसता फलक कोणी जुमानत नाही, म्हणून पदपथच कोपऱ्यावर पुढे वाढवून घ्यावा, म्हणजे गाडी लावायला जागा उरत नाही, वळताना वेग कमी करावा लागतो आणि रस्ता ओलांडण्याचे अंतरही घटते.

प्रश्नकर्ता: पटले. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी आहे. अर्ज करण्यापूर्वी त्याच्याशी बोलतो.