मदत हवी आहे : वडगावात जुन्या मागाच्या खोलीत शोभेच्या माशांची पैदास

नमस्कार मंडळी,

बेळगावात वडगावला आमचं कौलारू घर आहे. पुढे आम्ही राहतो, मागच्या अंगाला सासऱ्यांच्या हातमागाची खोली. माग कधीच मोडीत गेला. आता तिथे सायकली, गाद्या आणि लग्नात आलेली भांडी, म्हणजे घरात कोणालाच नको असलेलं सगळं. खोली १८ बाय १२ फूट, एकच खिडकी, खाली शहाबादी फरशी. ती रिकामी करून माशांची खोली करायची, एवढं घरात ठरलं आहे. गप्पी, मॉली बरीच वर्षं पाळते. पिल्लं वाटून गल्ली संपली. आता दुकानात देता येईल असा माल काढायचा आहे.

अडचणी तीन आहेत, पण झोप उडवली आहे ती पहिलीने.

हातमागाला विणकराचे पाय सोडायला खड्डा असतो. आमचाही होता, बरोबर खोलीच्या मधोमध. माग काढल्यावर तो माती-विटांचे तुकडे टाकून बुजवला आणि वर फरशी बसवली. त्या फरशीवर टाच आपटली की डब्बऽ असा आवाज येतो, बाजूच्या फरशीवर येत नाही. मला लोखंडी अँगलचा तीन मजली रॅक करायचा आहे, प्रत्येक मजल्यावर तीन बाय सव्वा बाय सव्वा फुटाच्या दोन टाक्या. एका टाकीत १२० लिटर धरलं तरी सहा टाक्यांचं पाणीच ७२० किलो. काच, लोखंड धरून नऊशेच्या घरात. असे दोन रॅक. गवंडी म्हणतो, "काय होत नाही ओ." त्याच्या घरी टाक्या नाहीत, म्हणून त्याला तसं वाटतं. भिंतीला लावून ठेवले तर खड्डा टळतो, पण मागच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते. काय करावं?

दुसरी अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे १३-१४ अंशांपर्यंत उतरतं, आणि कौलांतून वारा येतो तो वेगळाच. बारा टाक्यांना शंभर-शंभर वॅटचे हीटर म्हणजे १२०० वॅट. की खोलीच गरम ठेवावी?

तिसरी, पाण्याची. परसात आड आहे, त्याचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११० च्या आसपास, पीएच साडेसहा. गल्लीतल्या बोअरचं टीडीएस ४८० भरतं. नळाचं पाणी क्लोरीनमुळे साठवून ठेवूनच वापरते. मनात गप्पी आणि एंजल दोन्ही आहेत. ज्यांनी खरोखर पैदास केली आहे त्यांनी सांगावं. व्हिडिओ भरपूर बघून झाले, त्यात सगळ्यांच्याच खोल्या काँक्रीटच्या असतात.

प्रतिसाद १ (खानापूर)

ताई, गवंड्याचं ऐकू नका. बुजवलेली माती वर्षानुवर्षं बसत राहते. रॅकचा एक पाय दोन सूत खाली गेला तरी टाकीच्या तळाला पीळ बसतो आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो, नाहीतर काचच जाते. आणि ते रात्रीच होतं, का कोण जाणे.

पण मी म्हणतो, खड्डा बुजवायचाच कशाला? उघडा. आतून विटांनी बांधून गिलावा करा, वर जाळी टाका आणि फरशीला त्याच्याकडे उतार द्या. माशांच्या खोलीत सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे पाणी बदलणं. बादल्या उचलून माझी कंबर गेली, मग निचरा केला. टाकीतलं पाणी नळीने सरळ खड्ड्यात, तिथून छोट्या पंपाने परसातल्या केळीला. रॅक खड्ड्याच्या दोन्ही अंगाला घ्या, भिंतीपासून हातभर सोडून. पायांखाली लोखंडी पट्ट्या द्या, टाकीखाली प्लाय आणि थर्माकोल.

थंडीचं म्हणाल तर खोलीच गरम ठेवा. कौलांखाली थर्माकोलच्या शीटचं छत मारा, दाराच्या फटी बंद करा. दीड हजार लिटर पाणी एकदा तापलं की सहजासहजी गार होत नाही. गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या मजल्यावर एंजल, त्यांना २६ ते २८ अंश लागतात. खाली गप्पी, ते २३-२४ ला खूश. फक्त अंडी असलेल्या टाकीला वेगळा हीटर ठेवा. तापमान एकदम खाली आलं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हमखास येतो.

पाण्यात तुम्ही नशीबवान आहात. आडाचं मऊ पाणी एंजलला, बोअरचं जड पाणी गप्पी-मॉलीला. काही मिसळायचं नाही. मात्र बोअरचं पाणी थेट टाकीत ओतू नका, रात्रभर हवा सोडून ठेवा. जमिनीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो उडाला की पीएच वर चढतो. खरा आकडा दुसऱ्या दिवशीचा.

प्रतिसाद २ (निपाणी)

मी वायरमन आहे, मासे फक्त ताटातले ओळखतो. जुन्या मागाच्या खोलीतलं वायरिंग बहुतेक तसंच असणार. ते काढून नवीन करा, अर्थिंग तपासा आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात जात नाही. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप टाका, हीटर नको, बॅटरी बघता बघता उतरेल.

प्रतिसाद १

वायरमन साहेबांनी लाखाचं सांगितलं. त्यात भर: पंप टाक्यांच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली ठेवला आणि लाईट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं. प्रत्येक टाकीला वेगळा एअरेटर घेऊ नका. एक मोठा पंप, खोलीभर पीव्हीसी पाइपचं कडं, त्याला कॉक आणि स्पंज फिल्टर. पिल्लं ओढली जात नाहीत आणि स्पंजवर जमलेलं त्यांना खायलाही होतं.

प्रतिसाद ३ (अनगोळ)

ताई, आधी विकणार कुठे ते बघा की. इथल्या दुकानांत चेन्नईच्या कोळत्तूरकडचा माल येतो, भावात तुम्ही त्यांना पुरणार नाही. पण प्रवासाने दमलेला मासा दुकानात आल्यावर मरतो, ते दुकानदाराच्या अंगावर पडतं. तुमचा मासा इथल्याच पाण्यात वाढलेला, हे सांगून विका. मिसळीचे गप्पी नकोत, एकच रंग धरा. मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचं बीज महिनोन्‌महिने साठवते, म्हणून पिल्लं तीन आठवड्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे करा.

आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत मासे युनिट आहे, ३ लाख खर्च धरून महिलांना ६० टक्के अनुदान. योजना चालू आहे का, ते मत्स्य खात्यात विचारा. अर्ज कन्नडमध्ये असेल, शेजारच्या पोराला घेऊन जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खड्डा उघडायचं डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, त्यात मागाच्या फणीची लाकडं पुरली असतील, जपून काढा. कन्नड मला वाचता येतं, तो प्रश्न नाही.

आता एकच राहिलं. एंजलची पिल्लं पोहायला लागली की खायला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) लागणार. बाटली उलटी टांगून, लिटरला २५ ग्रॅम खडे मीठ घालून अंडी उबवायची, इथवर ठाऊक आहे. २८ अंशांना दिवसभरात फुटतात म्हणे, पण आमच्या स्वयंपाकघरात थंडीत तेवढी ऊब नसते. बाटली माशांच्या खोलीतच वरच्या मजल्यावर टांगली तर चालेल का? खारं पाणी ठिबकून रॅक गंजेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

टांगा, पण रॅकला नको, भिंतीला खिळा मारून. खाली प्लास्टिकचं घमेलं ठेवा. पिल्लांना देण्याआधी हवा बंद करून उलट्या बाटलीच्या खालच्या टोकाशी बॅटरीचा उजेड धरा. जिवंत आर्टेमिया उजेडाकडे येतात, टरफलं वर तरंगतात. खालून नळीने काढून गोड्या पाण्यात धुऊन मगच टाका.