दिवाळीच्या रोषणाईचे काम ठेकेदाराला देताना काय ठरवून घ्यावे? (सांगली)

विश्रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. सांगलीतील विश्रामबाग भागातल्या आमच्या चार मजली गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत संपूर्ण इमारतीला बाहेरून एकसारखी रोषणाई करावी, असे आमच्या सभेत ठरले आहे. आजवर प्रत्येक सभासद आपल्या घरातून वीज घेऊन आपापल्या गॅलरीत माळा सोडत असे. गेल्या दिवाळीत परतीच्या पावसाची सर येऊन गेल्यावर एका गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला हात लावताच तिथल्या मुलाला विजेचा झटका बसला. इजा झाली नाही, परंतु यापुढे हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचे, असा सर्वांचा आग्रह आहे.

तीन कोटेशने आली आहेत. पहिल्या ठेकेदाराने माल भाड्याने देऊन लावण्या-काढण्यासह एकरकमी २२,००० रुपये सांगितले आहेत. दुसरा नवा माल विकत देऊन लावून देण्याचे ३४,००० रुपये मागतो. तिसऱ्याचे म्हणणे असे की माल आम्ही आणावा, तो केवळ मजुरीचे ९,००० रुपये घेईल. तिन्ही कागदांवर ‘संपूर्ण इमारतीस एलईडी रोषणाई’ या एका ओळीपलीकडे काहीही लिहिलेले नाही, त्यामुळे तुलना कशाची करायची हेच समजत नाही. इमारतीच्या पूर्वेकडून महावितरणची ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) वाहिनी जाते, हेही सांगून ठेवतो. इसार देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी लेखी घ्याव्यात, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त पर्यवेक्षक

सचिव महोदय, आपण ज्याला एक काम समजत आहात ती दोन कामे आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटरच्या खोलीतील पॅनेलपासून गच्चीपर्यंत किंवा तळमजल्यावरच्या एका ठराविक पेटीपर्यंत वीज आणून देणे हे पहिले काम, आणि त्या पेटीपासून पुढे माळा व पट्ट्या बांधणे हे दुसरे. पहिले काम शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना असलेल्या माणसाचेच आहे. रोषणाई करणारी मुले चढण्या-बांधण्यात कितीही तरबेज असली, तरी त्यांच्यापैकी बहुतेकांकडे हा परवाना नसतो, आणि मग वीज कुठून घेतली जाते तर जिन्यातल्या दिव्याच्या होल्डरमधून, नाहीतर पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरमधून. आपल्या तिन्ही कोटेशनांत नेमका हाच भाग गाळलेला आहे. पहिले काम एकदाच नीट झाले की ते पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते, म्हणून त्याचा खर्च रोषणाईच्या खर्चात मिसळू नये.

त्या पेटीत काय असावे ते सांगतो. एमसीबी असलाच पाहिजे, परंतु एमसीबी हा वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाले तरच तो पडतो. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली, तर ती ओळखून पुरवठा तोडण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यातही ‘ए’ प्रकारचा मागा. बाजारात ज्या पारदर्शक एलईडी पट्ट्या मिळतात, त्यांच्या प्लगमध्ये रेक्टिफायर, म्हणजे घरच्या एसी विजेचे डीसीत रूपांतर करणारा भाग असतो, आणि पुढे पट्टीत धडधडता डीसी, म्हणजे एकाच दिशेने पण ठोक्याठोक्याने वाहणारा प्रवाह जातो. तशा प्रवाहाची गळती साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला ओळखता येईलच असे नाही. काम पूर्ण झाल्यावर आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण आपल्यासमोर दाबून दाखवण्यास सांगा. खटका तत्काळ खाली पडला पाहिजे. त्या पेटीला अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे आणि संस्थेचे अर्थिंग नीट काम करते, हेही त्याच माणसाकडून मोजून घ्या.

एलईडी म्हणजे कमी दाबाची निरुपद्रवी वस्तू, हा समज फार पसरलेला आहे. या पट्ट्यांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण २३० व्होल्टचा दाब खेळत असतो. पट्टी कापली की कापलेल्या टोकाशी तांब्याच्या तारा उघड्या पडतात आणि त्यावर बसवलेली प्लास्टिकची टोपी निघाली, तर पावसाचे पाणी थेट त्या तारांपर्यंत पोहोचते. त्याचप्रमाणे पट्टी आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ व पाणी आत न जाऊ देणारी असली, तरी तिचा प्लग बहुधा त्या दर्जाचा नसतो. म्हणून प्रत्येक जोड आणि प्रत्येक प्लग खालून वायर आत जाणाऱ्या बंद पेटीत असावा, आणि पेटीत शिरण्यापूर्वी वायरला खाली झोल दिलेला असावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते, पेटीत शिरत नाही. टेप गुंडाळून उघड्यावर सोडलेला जोड मुळीच स्वीकारू नका. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे संध्याकाळी ढग भरून येतात, हे ठेकेदाराला सांगावे लागू नये, परंतु कागदावर लिहून घ्यावे.

आता पूर्वेच्या बाजूविषयी. ११ केव्हीपर्यंतच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे, असा नियम आहे. पण तो भिंतीसाठी आहे, गच्चीवरून पट्टी खाली सोडणाऱ्या किंवा ॲल्युमिनियमची शिडी फिरवणाऱ्या माणसासाठी एवढे अंतर अजिबात पुरेसे नाही. वाऱ्याने पट्टी हेलकावली, तर तिचे टोक कुठे जाईल याचा भरवसा देता येत नाही. माझा सल्ला असा की पूर्वेची बाजू अंधारीच राहू द्यावी आणि ‘पूर्वेकडे शिडी लावली जाणार नाही’ हे वाक्य करारात शब्दशः घालावे.

ज्या ग्रिलला झटका बसला, त्या ग्रिलची तपासणी रोषणाईची वाट न पाहता करून घ्या. गळती माळेतूनच आली होती की घरच्या वायरिंगमधून, याचा निवाडा झाल्याशिवाय त्या ग्रिलला काहीही बांधू नये.

भाराचा अंदाज हवा असेल, तर पट्टीला मीटरमागे सुमारे ७ वॅट धरा. १५० मीटर पट्टी लावली, तर १,०५० वॅट, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास. रोज सहा तास चालवल्यास सहा युनिटांहून थोडी अधिक वीज लागेल. हा भार मोठा नाही. मात्र कोणी जुन्या ‘झिरो’च्या बल्बांची तोरणे लावू म्हणाले, तर त्यातला एकेक बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट घेतो, हे लक्षात असू द्या.

मिरजकर मंडपवाल्या

वरील काकांनी विजेची बाजू सविस्तर सांगितली आहे आणि दोन कामे वेगळी करण्याचा त्यांचा सल्ला मला पूर्ण मान्य आहे. आमच्या घरचाच मंडप व रोषणाईचा व्यवसाय असल्यामुळे ठेकेदाराच्या बाजूने चार गोष्टी सांगते, कारण दर कशाने वाढतो-उतरतो हे कळल्याशिवाय कोटेशन वाचता येत नाही.

गणपती, नवरात्र आणि दिवाळी हे आमचे लागोपाठचे तीन हंगाम आहेत. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतल्या स्वागत कमानी आपण पाहिल्या असतील. भाड्याचा माल भाद्रपदात अशाच कामांवर भर पावसात चढतो, उतरतो, घाईने गुंडाळला जातो, नवरात्रात पुन्हा उलगडला जातो आणि तोच दिवाळीत आपल्या दारी येतो. त्यामुळे भाड्याच्या कोटेशनात पट्टी किती मीटर हे जसे लिहून घ्याल, तसे ती कोणत्या हंगामातली आहे हेही विचारा. वर चढवण्यापूर्वी सगळा माल आपल्या गच्चीवर उलगडून तासभर पेटवून पाहण्याची अट घाला. पेटवल्यावर नुसता उजेड पाहू नका. वीज बंद करून पट्टीवरून बोट फिरवा. जिथे ती वारंवार दुमडली गेली आहे, तिथे प्लास्टिक पिवळे पडून बारीक चिरा गेलेल्या असतात, आणि नखाने दाबले की चीर उघडते. असा तुकडा बाजूला काढायला लावा. चांगला ठेकेदार त्याला हरकत घेणार नाही.

बांधणीसाठी तारेऐवजी प्लास्टिकचे टाय वापरण्याचा आग्रह धरा. बाइंडिंग वायर स्वस्त पडते आणि पक्कडीने पटकन पिळता येते, म्हणून मुले तीच खिशात ठेवतात. पण वाऱ्याने पट्टी हलत राहिली की ती तार प्लास्टिकमध्ये रुतत जाते आणि लोखंडी ग्रिलला वीज मिळण्याचा रस्ता तयार होतो. गच्चीच्या कठड्यात खिळे ठोकू देऊ नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर ओल उतरेल.

आपल्या तिसऱ्या कोटेशनाबद्दल मला विशेष काळजी वाटते. चार मजली इमारतीला बाहेरून पट्ट्या सोडायच्या, तर छज्जावर उतरणाऱ्या मुलाला सेफ्टी बेल्ट, दोर आणि तो दोर धरणारा गच्चीवरचा दुसरा माणूस लागतो. ९,००० रुपयांत हे सगळे आणि शिवाय उतरवण्याची दुसरी खेप बसत असेल, तर कशावर काट मारली आहे हे विचारलेच पाहिजे. कामाच्या दिवशी बेल्ट दिसला नाही, तर सचिव या नात्याने आपण काम थांबवावे. मुलगा ‘सवय आहे’ म्हणेल, तरीही थांबवावे.

विकत की भाड्याने, या प्रश्नावर माझे मत असे की माल नीट सांभाळणारा सभासद असेल तरच विकत घ्या. बहुतेक संस्थांत या पट्ट्या पंपाच्या खोलीत पोत्यात भरून ठेवल्या जातात आणि वर्षभरात उंदीर त्या कुरतडतात. तशी सोय नसेल, तर आपल्या पहिल्या ठेकेदाराचे २२,००० रुपये मला वावगे वाटत नाहीत, मात्र त्यात दुरुस्तीची जबाबदारी स्पष्ट हवी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकाच वेळी सगळ्यांचे फोन येतात आणि तेव्हा माणूस मिळत नाही. म्हणून बंद पडलेला भाग किती तासांत सुरू करून देणार आणि रात्री किती वाजेपर्यंत येणार, हे लिहून घ्या. फटाक्याने पट्टी जळली, तर तिची किंमत संस्थेने द्यावी. आपोआप बंद पडली, तर ठेकेदाराने बदलून द्यावी. ही वाटणी न्याय्य आहे आणि आधी बोललेली असली की वाद होत नाही.

पैशांचे म्हणाल, तर इसार म्हणून एक तृतीयांश द्या, रोषणाई सुरू झाल्यावर आणखी एक तृतीयांश द्या आणि उरलेले पैसे माल उतरवून, गच्ची झाडून दिल्यावरच द्या. उतरवण्याची तारीख करारात नसेल, तर लग्नसराई सुरू होताच मुले तिकडे जातात आणि पट्ट्या उन्हात महिनोन्‌महिने लटकत राहतात.

शाहूपुरी सातारा

विजेच्या आणि मजुरीच्या बाजू वर आल्याच आहेत, म्हणून राहिलेली एकच गोष्ट लिहितो. आमच्या साताऱ्यातील इमारतीत पळत्या-लुकलुकत्या दिव्यांचा प्रकाश रात्रभर झोपण्याच्या खोल्यांत येत असे आणि वरच्या मजल्यावरच्या वृद्ध जोडप्याला त्याचा फार त्रास होई. त्यानंतर आम्ही स्थिर पिवळसर उजेडाच्या पट्ट्या, त्याही खिडक्यांसमोरून न नेता मजल्यांच्या छज्जांवरून, आणि पेटीत टायमर, असे ठरवून टाकले. साडेदहाला दिवे आपोआप बंद होतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तेवढी वेळ वाढवतो. टायमर पहिल्या कामातच बसवून घेतला, तर वेगळा माणूस बोलवावा लागत नाही.

विश्रामबागकर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. परवानाधारक ठेकेदाराकडून पेटी, आरसीसीबी आणि टायमर यांचे स्वतंत्र कोटेशन मागवत आहे, ग्रिलची तपासणी त्याच्याकडूनच आधी करून घेईन, आणि पूर्वेची बाजू वगळण्यास कार्यकारिणीची संमती मिळाली आहे. पहिल्या ठेकेदाराला पट्टीची मीटरमधली लांबी, मालाची स्थिती, दुरुस्तीची वेळ व उतरवण्याची तारीख घालून नवे कोटेशन देण्यास सांगितले आहे. एक शंका उरते. सभासदांना आपापला आकाशकंदील गॅलरीत लावायचा आहे आणि तो नाकारणे मला योग्य वाटत नाही. सामाईक पट्ट्या असताना त्याला परवानगी द्यावी का?

निवृत्त पर्यवेक्षक

कंदील अवश्य लावू द्यावा. दिवाळीत घराला कंदील नको म्हणणे मलाही पटणार नाही. मात्र त्याला घरातल्या आतील प्लगमधून वीज घ्यावी, गॅलरीतल्या उघड्या बोर्डवरून नव्हे. कंदील छताच्या हुकाला सुती दोरीने टांगावा, त्याची वायर ग्रिलवरून किंवा सामाईक पट्टीला लागून नेऊ नये आणि आत एलईडी बल्बच असावा, कारण जुना बल्ब कागदी कंदिलात तापतो.

याखेरीज घरच्या विजेवरची कोणतीही माळ गॅलरीबाहेर सोडण्यास मनाई करा, आणि सभासदांना त्याचे कारणही सांगा. शेजारशेजारच्या दोन सदनिका वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. अशा वेळी दोन घरांच्या माळा एकाच ग्रिलवर एकमेकींत अडकल्या, तर त्यांच्या तारांमध्ये ४०० व्होल्टचा दाब येऊ शकतो. नुसती सूचना फलकावर लावली की लोक ती वाचून विसरतात, हे कारण मात्र लक्षात राहते. दिवाळीच्या काळात कुठे ठिणगी दिसली किंवा वायर तुटून खाली पडली, तर कोणीही हात लावू नये. वायर संस्थेची असेल तर आधी पेटीतला खटका पाडावा, आणि रस्त्यावरच्या वाहिनीची असेल तर दूर उभे राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. पेटीची किल्ली आपल्याखेरीज तळमजल्यावरच्या एखाद्या सभासदाकडेही ठेवा आणि ती कोणाकडे आहे, हे पेटीच्या दारावरच लिहून ठेवा.