दारू चढल्याचे ब्रिटिश शब्द: विनोदबुद्धी की पांघरूण?

ग्लासगोकर: दारू चढलेल्या माणसासाठी ब्रिटिशांकडे शेकडो शब्द आहेत आणि हे त्यांच्या विनोदबुद्धीचे लक्षण आहे, असे या मंचावरील एका सदस्याने काल लिहिले. मला ते मुळीच पटलेले नाही. ग्लासगोतील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी शुक्रवारच्या रात्रपाळ्या केल्या आहेत. डोके फुटलेल्या तरुणाला घेऊन आलेले मित्र 'तो जरा स्टीमिंग (म्हणजे दारू चढलेला) आहे' एवढेच सांगतात. तो किती प्यायला, केव्हापासून पीत होता, हे त्यातून कळत नाही. १९६७ मध्ये 'प्रायव्हेट आय' या ब्रिटिश व्यंग्यपत्रिकेने तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राऊन यांच्या संदर्भात 'टायर्ड अँड इमोशनल' (शब्दशः 'थकलेला आणि भावनावश', खरे तर प्यायलेला) हा प्रयोग रूढ केला आणि एका मंत्र्याचे पिणे करमणुकीचा विषय झाले.

शब्दवेडा: दोष शब्दांच्या माथी कशासाठी? क्रिस्टिना सांचेझ-स्टॉकहॅमर आणि पीटर उह्रिग या जर्मनीतील अभ्यासकांनी असे ५४६ इंग्रजी शब्द नोंदवले आहेत. 'टोटली'नंतर जवळपास कोणत्याही नामाला 'एड' जोडले, की ऐकणारा अर्थ ओळखतो, म्हणूनच 'गॅझिबो' (बागेतला मंडप) या नामापासूनचा 'गॅझिबोड' खपून जातो. ही भाषेची ताकद आहे.

क्लाइडकाठ: 'स्टीमिंग' आमच्या ग्लासगोच्या क्लाइड नदीवरचा शब्द आहे. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने स्कॉटलंडमधील दारूचे गुत्ते रविवारी बंद झाले, तेव्हा लोक क्लाइडवरच्या आगबोटींत, म्हणजे स्टीमरमध्ये, बसून पिऊ लागले.

शब्दवेडा: कायदा खरा आहे आणि बोटींवर दारू मिळत होती हेही खरे, पण शब्द तिथेच जन्मला याचा हा पुरावा नव्हे. अशा दंतकथा पसरवणे थांबवा.

क्लाइडकाठ: दंतकथा? क्लाइडकाठच्या ग्रीनॉक गावातील माझ्या घरमालकांचे आजोबा त्या बोटींवर कामाला होते आणि त्यांच्या घरात हीच हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खोलीत बसून कोश चाळणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

शब्दवेडा: घरातली आठवण मी खोटी ठरवत नाही, एवढेच मान्य करतो.

ग्लासगोकर: तुमचे बोटींचे भांडण चालू द्या. शब्दघडणीचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य आहे. परंतु २०१८ मध्ये स्कॉटलंडने दारूची किमान किंमत ठरवली, ती तेव्हा ५० पेन्स प्रति युनिट (पेयातील शुद्ध अल्कोहोल मोजण्याचे माप) अशी. मलाही रुग्णाच्या कागदावर युनिटच लिहावे लागतात, आणि ५४६ शब्दांपैकी एकही मला तो आकडा सांगत नाही.