जुना फ्लॅट घेतोय, बीमला चीर दिसली. रविवारी टोकन द्यायचंय, मदत हवी आहे

नवघर
वन बीएचके बघितला, भाव बसतोय, जागाही आवडली. हॉलच्या बीमला खालून एक सरळ चीर आहे. मालक म्हणतात प्लास्टरची आहे, पुट्टी मारली की जाईल. एजंट घाई करतोय, रविवारी टोकन द्यायचं आहे. चीर धोक्याची आहे का आणि आणखी काय बघायचं, एवढंच सांगा. वास्तुशास्त्र नको, कृपया.

सळई_काँक्रीट
इमारत कुठे, कोणत्या सालची, किती मजली, फ्लॅट कितव्या मजल्यावर? चीर बीमच्या तळाला लांबीने गेली आहे की बीम आणि भिंत मिळतात त्या सांध्यात आहे? या दोन चिरांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

नवघर
डोंबिवली पश्चिम, तळ अधिक तीन, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्यावर. चीर तळालाच आहे, लांबीने, दोन-अडीच फूट. फोटो चढत नाहीये.

रंगकाम_२४
एवढं घाबरायचं कारण नाही. चीर व्ही आकारात खोदायची, धूळ ब्रशने काढायची, पॉलिमर क्रॅक फिलर भरायचा, वर फायबरची जाळी, मग पुट्टीचे दोन हात. एका दिवसाचं काम आहे.

सळई_काँक्रीट
रंगकाम, बीम-भिंतीच्या सांध्यातल्या चिरेला हे बरोबर आहे. तिथे वीट आणि काँक्रीट वेगवेगळं आकुंचन पावतात, चीर निरुपद्रवी असते. बीमच्या तळाला सळईच्या रेषेत गेलेली चीर मात्र बहुतेक वेळा आतून आलेली असते. सळई गंजली की गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतो आणि तो कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. वरून फिलर भरला तर आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

नवघर, लहान हातोडी घ्या, नाहीतर जाड नाणं. चिरेच्या दोन्ही बाजूंना फूटभर ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं. पोकळ, भदभद आवाज आला तर कव्हर सुटलंय. चिरेच्या कडेला तपकिरी ओघळ आहे का तेही बघा. आणि सालाचं उत्तर राहिलं.

नवघर
१९८८. रंग नुकताच दिलाय, त्यामुळे ओघळ असतील तरी दिसणार नाहीत. बेडरूमला पीओपीचं खोटं छत आहे.

तिसरा_मजला
हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. शेवटचा मजला, ताजा रंग आणि एकाच खोलीला पीओपी! पीओपीच्या वर नेमकं काय झाकलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिव्याचं एक डाउनलाइट खाली ओढा आणि त्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारा. सुटलेलं प्लास्टर, काळे डाग, उघड्या सळया, सगळं दोन मिनिटांत कळतं.

मग गच्चीवर जा. कोबा (गळती रोखायला गच्चीवर घालतात तो विटांच्या तुकड्यांचा थर) किती थरांचा आहे ते जिन्याच्या दाराच्या उंबऱ्याशी कळतं. पायरी बुजत आली असेल तर जुन्या कोब्यावर नवा कोबा घातलाय. १०० मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं. वापरात असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये माणसांचा भार धरतात तो १५० किलो. म्हणजे एक जादा थर त्या सगळ्या हिशोबापेक्षा जड! त्यावर पत्र्याची शेड आणि टाकी असेल तर बघायलाच नको.

वायरमन_अण्णा
वायरिंग कोणी बघणार आहे का? १९८८च्या कित्येक घरांत ॲल्युमिनियमची वायर आहे. ती टर्मिनलला ढिली होते, तिथे तापते. डीबी (घरातला एमसीबीचा डबा) उघडा, हिरवी अर्थिंगची वायर आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी थ्री-पिन सॉकेट असतो आणि अर्थिंगच्या पिनला काहीच जोडलेलं नसतं. गीझर आणि एसीसाठी तांब्याची ४ चौरस मिमी, पॉवर प्लगला २.५, दिव्यांना १.५. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. वायरिंग नव्याने करावं लागणार हे धरूनच भाव करा.

पुणे_३०
अवांतर: शेवटचा मजला असला तरी घ्या. ३५ वर्षांच्या पुढची इमारत आहे, रिडेव्हलपमेंट होणारच. ५१ टक्के संमती पुरते. नवा मोठा फ्लॅट मिळेल.

कागदपत्रं_आधी
पुणे_३०, ५१ टक्के मान्य. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी कायद्याने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, झालेलं नसेल तर बिल्डर त्या दाराशीही येत नाही. रिडेव्हलपमेंटच्या आशेवर जुना फ्लॅट घेणं म्हणजे तारीख नसलेल्या चेकवर घर चालवणं. नवघर, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र आणि शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, हे टोकनच्या आधी मागा. कर्ज काढणार असाल तर बँकही इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते.

सळई_काँक्रीट
ऑडिटची मागणी पूर्ण योग्य. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३०च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं.

मालक तयार असतील तर आणखी एक चाचणी करून घ्या. चिरेजवळ छिन्नीने छोटा तुकडा काढायचा, ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिनचा फवारा मारायचा. गडद गुलाबी झालं तर काँक्रीटमध्ये सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली अजून आहे. रंग आलाच नाही तर कार्बोनेशन झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती अल्कली संपलीय. हा रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईवरचं संरक्षण संपलं. १९७८च्या आयएस ४५६ (काँक्रीटच्या भारतीय मानक) प्रमाणे बीमला २५ मिमी आणि स्लॅबला १५ मिमी कव्हर हवं होतं, पण त्या काळच्या कामांत ते कित्येकदा याहून कमी भरतं.

रंगकाम_२४
मग पॉलिमर मॉर्टर मारून घ्या, झालं.

सळई_काँक्रीट
"मारून" होत नाही हो. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे २० मिमीपर्यंत काढायचं, सळई लखलखीत होईतो घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग बाँडिंग कोट आणि तो चिकट असतानाच मॉर्टर, एका थराला १०-१२ मिमी. सळईचा जाडीतला पाचवा हिस्सा गेला असेल तर नवी सळई जोडायची. काम चालू असताना खाली टेकू हवेत. एवढं करूनही शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली सळई पुढे गंजू शकते, कारण दुरुस्त केलेला भाग आणि बिघडलेला भाग यांच्यात विद्युत-रासायनिक फरक पडतो. म्हणून एकट्या फ्लॅटची दुरुस्ती पुरत नाही, पूर्ण इमारतीची लागते.

तिसरा_मजला
नवघर, खालच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा. तुमच्या संकमधून (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधून) गळत असेल तर ताबा घेताच तक्रार तुमच्याकडे येईल. गच्चीतून पावसाचं पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीची, तुमच्या बाथरूमचं पाणी खाली गेलं तर खर्च तुमचा. शक्य असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बुजवून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास साठवा. पाणी किती गंजकं येतं ते सकाळी पहिला नळ सोडून बघा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून बुजत आले असतील तर दोन नळ एकदम सोडल्यावर धार बारीक होते.

नवघर
सेक्रेटरींना भेटून आलो. ऑडिट २०१९चं आहे, त्यात इमारत सी-२बी. खालचे शेजारी म्हणाले, बाथरूम दोन पावसाळे गळतंय. बीमवर ठोकलं तर दोन जागी भदभद आवाज आला. दुरुस्ती झाली का विचारलं तर "रंग दिलाय" एवढंच उत्तर. आता रविवारचं काय करू?

सळई_काँक्रीट
सी-२बी म्हणजे घर रिकामं न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती करा. ती झालेली नाही आणि पुढचं ऑडिट २०२२मध्येच व्हायला हवं होतं. रविवारी पैसे देऊ नका. एजंटला सांगा, आधी नवा ऑडिट अहवाल द्या. दुरुस्तीचा अंदाज आणि सोसायटी प्रत्येक सदनिकेकडून किती मागणार याचा सर्वसाधारण सभेतला ठरावही लेखी हवा. तो आकडा हातात आला की भावातून वजा करा आणि मग बोला.

कागदपत्रं_आधी
+१. आणि मालकांना टोकन हवंच असेल तर पावतीवर लिहून घ्या: "ऑडिट अहवाल समाधानकारक नसल्यास पूर्ण रक्कम परत." सही दोघांची.