वॉलरसचं इंजिन वाकडं बसतंय, टेम्प्लेट चुकलंय की मी? पेपर मॉडेल १:३३

पुठ्ठेवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, बँकेत क्लार्क, विमानाशी माझा संबंध शून्य. सुट्टीत भाचा आला होता, त्याला दुपारी घरात बसवायचं म्हणून कागदाचं विमान सुरू केलं, बाहेर ४२ डिग्री. पोरगं चौथ्या दिवशी क्रिकेटला पळालं आणि आता मीच रोज रात्री अकरापर्यंत कटर घेऊन बसतोय.

मॉडेल सुपरमरीन वॉलरसचं. जुनं दोन मजली पंखांचं, खाली होडी, पाण्यावरही उतरतं आणि जमिनीवरही, पंखा मागच्या बाजूला. १:३३ ला, म्हणजे खऱ्याच्या तेहतिसाव्या भागाएवढं केलं की, पंखांची रुंदी ४२ सेंमीच्या वर जाते, शोकेसमध्ये मावत नाही हे बायकोनं आधीच सांगून ठेवलंय.

होडी झाली, बरी झालीय. पण इंजिनाचा डबा खुणांवर चिकटवला की वरनं बघताना किंचित उजवीकडं तोंड करून बसतो. दोनदा काढून सरळ केला, आता तिथला कागद सोलायला लागलाय. टेम्प्लेटमध्येच, म्हणजे कापायच्या छापील पानांतच चूक आहे का? दुसरं म्हणजे खालचा पंख. सकाळी सरळ असतो, संध्याकाळी बँकेतनं येईपर्यंत दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा लोंबतो. आतली पट्टी खाचेत ढिली बसतीय. कागद २०० जीएसएम, गोंद फेविकॉल. रंगीत पानं नव्या पेठेत प्रिंट केली आणि आतल्या सांगाड्याची दुसरीकडं, कारण पहिल्याकडं जाड कार्डशीट नव्हतं.

जुना_ड्राफ्ट्समन
इंजिनाला आता हात लावू नका! ते वाकडंच आहे. खऱ्या वॉलरसचं इंजिन मुद्दाम सुमारे ३ अंश उजवीकडं वळवलेलं होतं. पंखा मागं ढकलणारा, त्याची हवा पिळा घालत शेपटीवर जाते आणि सुकाणूच्या दोन बाजूंना सारखी लागत नाही, त्यामुळं विमान एका बाजूला ओढायचं, म्हणून इंजिनच तिरकं बसवलं. टेम्प्लेट काढणाऱ्यानं ते तसंच धरलंय म्हणजे माणूस अभ्यासू आहे.

हे विमान आर. जे. मिचेलचं, ज्यानं पुढं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान काढलं तोच. पहिलं उड्डाण १९३३. दोन्ही शेजारी ठेवले तर एकाच माणसाच्या डोक्यातनं आलेत यावर विश्वास बसत नाही, एक पातं आणि एक पाळणा. पण पाळण्याला चाकं पंखात दुमडायची सोय होती, युद्धनौकेवरनं गलोलीसारखं फेकलं तरी टिकायचं आणि युद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणायचं काम यानं फार केलं. इंजिन वर आणि मागं असल्यामुळं पाण्याचे फवारे पंख्यापासून लांब राहायचे.

एक सांगतो, शोकेसमध्ये पाण्यावर तरंगताना दाखवणार असाल तर चाकं वर दुमडून लावा. चाकं खाली ठेवून पाण्यात उतरलं की विमान सरळ उलटं व्हायचं, वैमानिक विसरायचे म्हणून शेवटी कॉकपिटात चाकं वर आहेत का खाली ते दाखवणारा इंडिकेटर बसवावा लागला.

अशोकचौक_कट्टा
अओ साहेब, दोन दुकानात प्रिंट काढलाव ना, तिथंच घोळ आहे बघा. प्रत्येक पानावर कोपऱ्यात मोजपट्टी छापलेली असते, १०० मिमीची. ती पट्टीनं मोजा दोन्ही पानांवर. दुकानदार विचारत नाही काही नाही, 'फिट टू पेज' करून, म्हणजे चित्र पानात मावेल असं बारीक करून मोकळा होतो.

पुठ्ठेवाला_सोलापूर
मोजली. रंगीत पानावर बरोबर १००. सांगाड्याच्या पानावर ९७!!! म्हणजे पंधरा दिवस मी मोठ्या खाचेत बारकी पट्टी कोंबतोय आणि शिव्या फेविकॉलला.

अशोकचौक_कट्टा
तरी होडी कशी जमली हेच आश्चर्य 😄 पंखाची पट्टी परत काढा, 'ॲक्चुअल साइज' वर टिक करायला लावा, स्वतः स्क्रीन बघितल्याशिवाय प्रिंट द्यायला लावू नका. कार्डशीट नसेल तर साध्या कागदावर काढून बाइंडिंगच्या १ मिमी पुठ्ठ्यावर चिकटवा. दोन पंखांमधल्या खांबांना उदबत्तीची काडी, पॉलिश पेपरवर घासून चपटी केली की लई भारी दिसते.

आणि पंखांमधल्या तिरक्या तारांसाठी सुताच्या नादाला लागू नका. आपल्या गावात सूत फुकट मिळतं म्हणून मी पहिल्या विमानाला टॉवेलच्या मागावरचं सूत लावलं, जवळनं बघितलं तर विमानाला दाढी आलेली. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा, सगळ्यात बारीक तांब्याच्या तारेचा तुकडा मागा, भंगारातला देतात. दोन टोकं पकडीत धरून जरा ओढली की सुतासारखी सरळ होते.

कात्री_आणि_चहा
तारेचं पटलं, पण तार ताणायची नाही हं, कागदाचा पंख पिळतो. नुसती टेकवायची.

लोंबण्याचं मात्र पूर्ण पट्टीवर ढकलू नका. एकटा खालचा पंख थोडा लोंबणारच, दोन मजली विमानात ताकद एका पंखाची नसतेच, वरचा, खालचा, मधले खांब आणि तारा मिळून एक पेटी होते. वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या टोकाकडं उतरणारी जी तार असते ती जमिनीवर उभं असताना पंख पेलते, उलट तिरकी असते ती उडताना कामाला येते. म्हणून खालच्या पंखाच्या टोकांखाली काड्यापेट्या लावा, दोन्हीकडं सारख्या, आणि वरचा पंख बसून खांब वाळेपर्यंत काढू नका.

फेविकॉलही बोटानं चोपडू नका, ओल्या गोंदानं कागद फुगतो आणि तुमच्याकडच्या पंख्याखाली वाळताना आकसतो. टूथपिकनं फक्त कडेला लावा. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात तिथं पोराच्या रंगपेटीतला राखाडी फिरवा, चिकटवण्याच्या आधी. नंतर फिरवलात तर बाजूला डाग पडणारच, माझ्या एका शेपटीवर आहे अजून.

पुठ्ठेवाला_सोलापूर
काल सगळं केलं. पट्टी नवीन काढली, खाचेत गच्च बसली, ढकलावी लागली. इंजिन परत उजवीकडं वाकडं लावलं, सोललेल्या जागेवर कागदाचं ठिगळ मारलं, ते वरच्या पंखाच्या सावलीत लपतं. काड्यापेट्या चार लागल्या, बायको सकाळी गॅस पेटवायला एक घेऊन गेली आणि डावा पंख खाली आला, पण गोंद ओला होता म्हणून वाचलो.

तांब्याची तार आणलीय, दुकानदारानं कशाला पाहिजे विचारलं, विमानाला म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत, म्हणाला झालं की दाखवायला आण. चाकं वर दुमडायची का खाली ते ठरलं नाही अजून. भाचा फोनवर म्हणतोय पाण्यावरच पाहिजे. पारदर्शक पाण्यासाठी काय वापरता तुम्ही लोक?